मदत हवी आहे: आयरिश ‘आग्लश’मधला ‘ग’ कुठून आला?

सर्व अभ्यासकांना नमस्कार. आयरिश भाषेत चर्चला ‘आग्लश’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘एक्लेसिया’वरून आला आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला, तिथे ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेइन’ म्हणजे बोलावणे, म्हणून मूळ अर्थ नागरिकांची बोलावलेली सभा, एवढे मला समजले आहे.

अडचण ‘ग’ची आहे. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द ‘क’ वापरून लिहीत, पण उच्चार ‘ग’ करीत. वेल्श ‘एग्लुइस’मध्येही ‘ग’च आहे. दोन स्वरांमधला एकेरी ‘क’ मृदू होणे, म्हणजे त्याचा ‘ग’ होणे, मला पटते. परंतु ग्रीकमध्ये आणि प्रमाण लॅटिन लेखनात इथे ‘क’चे द्वित्त आहे, आणि द्वित्त व्यंजन सहसा असे मृदू होत नाही. मग ब्रिटनमधील बोली लॅटिनमध्ये ते आधीच एकेरी झाले होते आणि आयर्लंडने हा शब्द तिथल्या ख्रिस्ती प्रचारकांकडून आयता ‘ग’सकट उचलला, असे मानावे का?

गोव्यातील ‘इगर्ज’ (चर्च) हा शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’मार्गे याच मुळातून आला आणि त्यातही ‘ग’च आहे. (माझे कुतूहल खरे तर तिथूनच सुरू झाले.) हे दोन ‘ग’ स्वतंत्रपणे घडले की त्यांचे कारण एकच, हे जाणकारांनी उदाहरणांसह सांगावे, ही विनंती.