‘मैत्रीण’ म्हटलं तर कळत नाही, मग म्हणायचं काय?

रानजाई: दिवाळी अंकासाठी विनोदी प्रेमकथा लिहितेय. पुण्याजवळचा वृद्धाश्रम, चौऱ्याहत्तरीच्या नलूताई, एकाहत्तरीच्या सुमनताई. दोघी प्रेमात. ‘ही माझी मैत्रीण’ म्हटलं की व्यवस्थापक खूश होतात आणि दोघींना भजनी मंडळात घालतात. इथवर जमलंय. पण शेवटी नलूताईंना सगळ्यांदेखत स्पष्ट सांगायचंय. त्यांच्या तोंडी कोणता शब्द शोभेल? ‘समलिंगी’ नको. त्यानं माणूस कळतो, नातं नाही.

अनुस्वार: जोडीदारीण. सरळ मराठी शब्द.

खडीसाखर: सरळ कसला? त्यातलं ‘दार’ फारसीतून आलंय. आणि सुभेदारीण म्हणजे सुभेदाराची बायको, पाटलीण म्हणजे पाटलाची. तशी जोडीदारीण म्हणजे जोडीदाराची बायको वाटते. ‘माझी जोडीदार’ म्हणा, सर्रास म्हणतात.

अनुस्वार: सर्रास म्हणतात म्हणून बरोबर होत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला शेजारीण म्हणत नाही का आपण? ती कोणा शेजाऱ्याची बायको असावी लागते?

ओवीवेडी: शेजारीण निघालीच आहे, तर जात्यावरच्या ओव्यांतली ‘शेजी’ घ्या ना! माझी आजी मिरजेकडची, तिच्या ओव्यांत सारं सुखदुःख शेजीलाच सांगितलेलं. मला वाटतं हा शब्द ‘शेज’वरूनच आलाय. जिची शेज आपल्या शेजेलगत, ती शेजी. वृद्धाश्रमात तर खाटेला खाट लागूनच असते.

अनुस्वार: ‘शेज’ शय्येवरून आला हे कबूल. पुढचं तुम्ही हौसेनं जुळवताय. पुरावा?

ओवीवेडी: पुरावा नाही, पण मला पटतं. सई आणि गडणी या मैत्रिणीसाठीच्या जुन्या शब्दांचाही विचार करा.

खडीसाखर: गडणी आज कुणाला कळणार? नलूताई बँकेतून निवृत्त झाल्या असतील, ओव्यांतून नाही.

जुना प्रेक्षक: विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात (१९८१) बाईच्या प्रेमात पडलेल्या सुमित्राला सगळे ‘मित्रा’ म्हणतात, तिथं नावानंच अर्धं काम केलंय. पण ती शोकांतिका. दोन म्हाताऱ्या एकमेकींवर जीव टाकतात आणि सुखानं भांडत एकत्र राहतात, असं काही मला मनापासून वाचायचंय. शब्द कोणताही घाला, पण त्यांना मारू नका.

खडीसाखर: प्रवेश अर्जात ‘नाते’ असा रकाना असतो, तो वापरा. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला, पण अशा लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नकार दिला. उद्या दवाखान्यात सही करायची वेळ आली, तर सुमनताई नलूताईंच्या कोण? व्यवस्थापक ‘मैत्रीण’ खोडून ‘बहीण’ लिहितात आणि नलूताई ते पुन्हा खोडतात, असा प्रसंग रंगेल.

रानजाई: घेतला! पण नलूताई खोडून लिहिणार काय?

माहेरवाशीण: शब्द शोधूच नका, त्यांना नाव घेऊ द्या. माझ्या आत्याच्या आश्रमात निम्म्या बायका विधवा, म्हणून संक्रांतीला हळदीकुंकू न म्हणता तिळगूळ समारंभ म्हणतात. पण गेलेल्या नवऱ्यांची नावं सगळ्या चढाओढीनं घेतात. एकजण तर कानयंत्र काढून ठेवून नाव घेते, म्हणजे मध्येच कुणी थांबवायला नको. तिथं नलूताईंनी उठावं:

कवळी ठेवली पेल्यात, चष्मा ठेवला उशाला,
सुमनचं नाव घेते, आता लाजू कशाला!

रानजाई: हा उखाणा कथेत घेऊ का?

माहेरवाशीण: घ्या की.

अनुस्वार: चांगला आहे, पण उखाणा म्हणजे मुळात कोडं. बायका करतात ते ‘नाव घेणं’.

खडीसाखर: आज लग्नात ‘उखाणा घ्या’ म्हटलं तर कुणी कोडं घालतं का?

ओवीवेडी: आमच्याकडे कोड्याला आहणा म्हणतात.

अनुस्वार: आहणा म्हणजे म्हण.

ओवीवेडी: तुमच्याकडे असेल. माझी आई अजून नातवंडांना आहणे घालते आणि उत्तर येईपर्यंत जेवायला वाढत नाही.