गेम ॲनिमेशनची टेस्ट 'जड वाटते' म्हणून परत आली, रविवारपर्यंत वेळ आहे, मदत हवी आहे

खडूफळा
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. एका गेम स्टुडिओची टेस्ट दिली होती, उत्तर आलं की काम सुंदर आहे पण जड वाटतं, रविवारी रात्रीपर्यंत सुधारून पाठवा. मी नऊ वर्षं जाहिराती केल्या, दोन फिल्ममध्ये शॉट केले, वजन कसं दाखवायचं हेच इतकी वर्षं शिकत आलो आणि आता तेच जास्त झालं म्हणतात. पोज तपासल्या, आर्क (हालचालीच्या वळणदार वाटा) तपासले, स्पेसिंग (दोन फ्रेममधली अंतरं) तपासलं, कुठेच काही खटकत नाहीये. नेमकं काय हलकं करू? फिल्ममधून गेममध्ये गेलेल्यांनी सांगा आणि जरा लवकर सांगा प्लीज.

शेवंता_००७
टूडी की थ्रीडी? टेस्टमध्ये होतं काय, चालणं, पळणं, मारामारी? नुसतं जड म्हटल्यावर कोण काय सांगणार.

खडूफळा
थ्रीडीच की. रिग (पात्राचा हलवता येणारा सांगाडा) त्यांनीच दिलेलं, माया सॉफ्टवेअरमध्ये केलं. तलवारीचा एक वार आणि एक चालायची सायकल, म्हणजे तीच पावलं फिरून फिरून येणारी.

निळी_शाई
ब्लेंडरवर या. फुकट आहे, मी चार वर्षांपूर्वी आले आणि परत मागे वळून बघितलं नाही, टाइमिंग तपासायला तर फारच सोपं.

शेवंता_००७
ताई, रिग मायाचं आहे आणि रविवार तोंडावर आलाय. सॉफ्टवेअर बदलून वार हलका होणार आहे का? @खडूफळा वार लागेपर्यंत किती फ्रेम जातात? आणि किती एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम?

खडूफळा
२४ वर. जाहिरातीत २५, फिल्मला २४, हाताला तीच सवय. तयारी १४ फ्रेम, मग ३ फ्रेममध्ये वार.

घाटातला_बोगदा
तिथेच आहे सगळं. २४ वर १४ फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. फिल्ममध्ये माणूस बघत बसलेला असतो, त्याला तयारी दाखवलीच पाहिजे. गेममध्ये त्याने स्वतः बटण दाबलेलं असतं, वार होणार हे त्याला आधीच माहितीये, त्यामुळे बटण दाबल्यावर अर्धा सेकंद काही लागलं नाही तर त्याला वाटतं पात्र आपलं ऐकतच नाही. त्यालाच ते जड म्हणतात, वजनाशी त्याचा संबंध नाही. स्टुडिओच्या ब्रीफमध्ये (सूचनांमध्ये) एफपीएस किती दिलंय ते पण बघा.

काजवा
असं सरसकट नको सांगायला. मी शत्रूंचीच ॲनिमेशन करतो, तिथे तयारी मुद्दाम लांब ठेवतो. राक्षसाने गदा उचललेली दिसलीच नाही तर खेळणारा चुकवणार कसा? आधी विचारा पात्र कुणाचं आहे.

घाटातला_बोगदा
बरोबर, ते विचारायचं राहिलं.

खडूफळा
हिरो आहे, खेळणाऱ्याचंच पात्र. आणि ब्रीफमध्ये ३० लिहिलंय, आत्ता बघितलं.

जुना_रीळ
ह्या निमित्ताने राम मोहन आठवले. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले, तिथे डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. पुढे जाहिराती केल्या, 'भुवन शोम' चित्रपटातला ॲनिमेशनचा तुकडा केला, जपानच्या युगो साकोंबरोबर रामायणाची ॲनिमेशन फिल्म केली, युनिसेफची 'मीना' मालिका केली. एकाच माणसाने इतकं वेगवेगळं केलं, नव्या मुलांना हे माहीत असायला हवं.

मोगरा_११
मी तर म्हणते गेमच्या मागे लागूच नका. नऊ वर्षांच्या ओळखी आहेत तर जाहिरातीत फ्रीलान्स करा.

खडूफळा
ताई, ते मी विचारलेलंच नाही. दहा सेकंदांचं काम महिनाभर करायचं आणि पुढच्या महिन्यात ते कुणाला आठवत नाही, मला आता असं काहीतरी करायचंय जे समोरचा हातात धरून खेळेल. @बोगदा, तलवार उचलायच्या आधी खांदा खाली दबतो आणि मागच्या टाचेवरचं वजन पुढच्या पायावर येतं, ती जागा माझी सगळ्यात लाडकी आहे. ती काढून टाकू का?

घाटातला_बोगदा
अजिबात नको! पहिल्याच फ्रेमवर आणा. बटण दाबलं की खांदा दबलेलाच दिसू दे, तिथून ३० वर ४-५ फ्रेममध्ये वार. वजन वार लागल्यानंतर दाखवा, तलवार पुढे ओढून नेते, पाठ वाकते, पाय सावरतो, हे २० फ्रेम चाललं तरी चालेल. फक्त त्या सावरण्यात मध्येच दुसरं बटण दाबलं तर तिथून सुटता यावं, म्हणून पाय लवकर जमिनीवर टेकवा.

निळी_शाई
मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढून त्यावरून करा. प्रिन्स ऑफ पर्शियासाठी जॉर्डन मेक्नरने धाकट्या भावालाच पळायला लावून शूट केलं होतं, गेम आला १९८९ ला, त्यातलं पळणं आजही खरं वाटतं.

काजवा
व्हिडिओ पोजसाठी घ्या, टाइमिंगसाठी नको. खरा माणूस तलवार उचलायला वेळच घेतो, परत तेच जड होईल. आणि चालण्याकडे कुणी बघतच नाहीये. जागेवरची सायकल आहे ना? मग जमिनीवर टेकलेला पाय एकाच वेगाने मागे गेला पाहिजे, ग्राफमधला कर्व सरळ रेषेत, फिल्मवाले तिथे सवयीने इज (हळू सुरुवात, हळू शेवट) लावतात आणि पाय घसरतो. सेकंदात दोन पावलं, पाऊल ७५ सेंमी, म्हणजे गेममध्ये पात्र सेकंदाला दीड मीटरच पुढे गेलं पाहिजे. आणि पहिली-शेवटची फ्रेम सारखी असेल तर शेवटची लूपमधून काढा, नाहीतर दर फेरीला बारीक अडखळतं.

खडूफळा
वार ३० वर करून बघितला, ५ फ्रेममध्ये लागतो आणि खांदा वाचला! घरी मुलीला युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बटण दाबायला दिलं, पंधरा-वीस वेळा दाबत बसली, आधीच्याला दोनदा दाबून सोडून दिलेलं. सायकलमध्ये दोन्ही टोकांना इज होता, आता तो काढायला बसतोय.

शेवंता_००७
मुलीला पात्र चालवून पण बघायला द्या. आणि फाइल ३० वर एक्स्पोर्ट केलीत ना?

खडूफळा
थांबा, बघतो.