मदत हवी आहे: प्लॅन्ड ऑर्डर लॉक करूनही एमआरपी रननंतर बदलते

रात्रपाळी:
तातडीचं आहे. प्लॅन्ड ऑर्डर (काय, किती, कधी बनवायचं याचा प्रस्ताव) लॉक करून ठेवतो, रात्री एमआरपी रन (गरजेनुसार मालाचं नियोजन करणारा हिशेब) होतो आणि सकाळी बघावं तर ऑर्डर बदललेली. स्टोअरवाले रोज आमच्यावर ओरडतात. लॉक केलेल्या ऑर्डरला रनने हातच लावू नये, असं सेटिंग कुठे असतं? कृपया लवकर सांगा.

धागेदोरे:
सॉफ्टवेअर कोणतं? लॉक म्हणजे नक्की काय करता? आणि बदलतं काय, तारीख, नग की आणखी काही?

रात्रपाळी:
सॅपच हो. एमडी१२ मध्ये (प्लॅन्ड ऑर्डर बदलायची स्क्रीन) जाऊन फर्मची, म्हणजे रनने बदलू नये अशी, खूण करतो. एमडी०४ मध्ये (स्टॉक आणि गरजांची यादी) ऑर्डरच्या नंबरापुढे तारा दिसतो, म्हणजे फर्म झालेलीच आहे.

किल्ली:
एसएम१२ (सिस्टिममधल्या लॉकची यादी) उघडा आणि तुमच्या युजरच्या लॉक एंट्री बघा. सेशन अर्धवट तुटलं की एंट्री अडकून राहते. बेसिसवाल्यांना (सॅप सिस्टिम सांभाळणारे) सांगून काढून घ्या.

धागेदोरे:
किल्ली, ते लॉक वेगळं. एकच ऑर्डर दोघांनी एकाच वेळी बदलू नये म्हणून ते असतं. इथे प्रश्न फर्मिंगचा आहे. प्लॅनिंग मोड ३ असला तर रन जुने प्रस्ताव पुसून नवे करतो, पण फर्म ऑर्डर त्यातूनही वाचते. म्हणून पुन्हा विचारतो, बदलतं काय?

चौकट:
एकेक ऑर्डर फर्म करत बसूच नका. मटेरियल मास्टरमध्ये (त्या मालाच्या मूळ नोंदीत) एमआरपी टाइप, म्हणजे नियोजनाची पद्धत, पीडी असेल तर पी१ करा आणि प्लॅनिंग टाइम फेन्स (आजपासून किती दिवसांचं नियोजन गोठवायचं ते) भरा. फेन्सच्या आतल्या ऑर्डरी आपोआप फर्म होतात, नवी गरज आली तर प्रस्ताव फेन्सच्या शेवटी जातो. आमची रोजची ओढाताण यानेच थांबली.

जुना प्लॅनर:
सरसकट पी१ लावू नका. तूट आज आणि प्रस्ताव फेन्स संपल्यावर, तोवर लाइन उभी! पी२ मध्ये तर फेन्सच्या आतल्या तुटीसाठी प्रस्तावच येत नाही. ऑर्डर पक्की हवी असेल तर सरळ प्रॉडक्शन ऑर्डरमध्ये कन्व्हर्ट करा.

चौकट:
तीन महिने पुढच्या ऑर्डरी आत्ताच कन्व्हर्ट करायच्या? मागणी सरकली की प्रत्येक तारीख हाताने बदलायची. एमआरपी नुसता मेसेज देणार.

जुना प्लॅनर:
मग मेसेज वाचायचे. १० म्हणजे अलीकडे घ्या, १५ म्हणजे पुढे ढकला, २० म्हणजे रद्द करा. फर्म प्लॅन्ड ऑर्डरलाही हेच येतात. फेन्स लावून निवांत बसणारे ते बघत नाहीत आणि नको असलेला स्टॉक साठत जातो.

रात्रपाळी:
अहो, माझा प्रश्न राहिला बाजूला. तारीख आणि नग तसेच आहेत, कंपोनंट बदलतात! डिझाइनने बीओएममध्ये (लागणाऱ्या भागांच्या यादीत) नवा ब्रॅकेट टाकलाय. जुने ब्रॅकेट आधी संपवायचे आहेत, म्हणून तर ऑर्डरी लॉक केल्या.

धागेदोरे:
आता कळलं. तुम्ही फक्त हेडर फर्म केलंय. त्याने तारीख आणि नग टिकतात, पण रनमध्ये बीओएम पुन्हा एक्सप्लोड होऊ शकतो, म्हणजे यादीतले भाग नव्याने ऑर्डरमध्ये येतात. एमडी१२ मध्येच कंपोनंट फर्म करायची वेगळी खूण आहे. आधी जुना ब्रॅकेट ऑर्डरमध्ये परत घाला. कंपोनंट हाताने बदलला की ती खूण आपोआप लागते, तरी सेव्ह करण्याआधी बघून घ्या. मग रात्रीची वाट न बघता एमडी०३, म्हणजे फक्त त्या एका मटेरियलचा रन, चालवा. मात्र यापुढे डिझाइनने बीओएममध्ये केलेली कुठलीच दुरुस्ती त्या ऑर्डरीपर्यंत पोचणार नाही. स्टोअर आणि डिझाइन दोघांनाही तसं कळवून ठेवा.

बीओएमवाला:
हे सगळं तात्पुरतं आहे. जुना पार्ट संपवून नवा सुरू करायचा, तर डिसकंटिन्युएशनच वापरा. जुन्या पार्टच्या एमआरपी ४ व्ह्यूमध्ये इंडिकेटर, तारीख आणि फॉलोअप मटेरियल (त्याजागी येणारा नवा पार्ट) भरा, बीओएममध्ये दोन्ही पार्ट ग्रुपने जोडा. स्टॉक संपला की उरलेली गरज एमआरपी स्वतः नव्या पार्टकडे वळवतो. ऑर्डरी फर्म कराव्याच लागणार नाहीत.

जुना प्लॅनर:
याच्याशी सहमत. पण जुन्याचा स्टॉक सिस्टिममध्ये बरोबर हवा.

रात्रपाळी:
एमडी०३ चालवून बघितलं, जुना ब्रॅकेट जागेवर आहे. धागेदोरे, मनापासून आभार. डिसकंटिन्युएशनचं डिझाइनशी बोलतो. पण आजच्या बाकीच्या ऑर्डरींना ही खूण एकदम लावता येईल का?

चौकट:
किती ऑर्डरी आहेत, ते आधी सांगा.