मदत हवी आहे: ड्रिलिंगनंतर हाड ३७ वरून ३१ अंशांवर कसं येईल?

नमस्कार मंडळी,

एमडीएसच्या (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) थिसिससाठी दाताच्या इम्प्लांटचं ड्रिलिंग करताना हाड किती तापतं ते मोजतेय. रुग्णाच्या जबड्यात तारा खुपसता येत नाहीत, म्हणून खाटकाकडून म्हशीची बरगडी आणते. (फ्रीजरचा एक कप्पा आईने माझ्या नावावर सोडलाय. तिथे ती हात लावत नाही.)

१९८३ साली एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या हाडावर दाखवलं, की ४७ अंश तापमान एक मिनिट टिकलं तरी हाडाला इजा होते. तीच माझी लक्ष्मणरेषा.

मांडणी अशी: बरगडी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धी बुडवलेली, २ मिमी पायलट ड्रिल (पहिलं भोक पाडणारं), ८०० आरपीएम, थंडाव्यासाठी बाहेरून सलाईन, भोकाच्या कडेपासून अर्ध्या मिमीवर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). एकच ड्रिल, एकच बरगडी, तरी एका भोकाला ४३ आणि शेजारच्याला ३१! सलाईन बंद केलं की ४९, ५१, ५०. गाईड सर म्हणतात, हाताचा दाब सारखा पडत नाही. पण हात नाहीच, ड्रिल स्टँडला वजन टांगलंय. मग चुकतंय कुठे?

प्रतिसाद १: सलाईन बंद केल्यावर आकडे जुळतात, तिथेच पाणी मुरतंय. अगदी शब्दशः. थर्मोकपल वरून घातलंय का?

धागाकर्ती: हो, ड्रिलला समांतर.

प्रतिसाद १: मग ते ३१ हाडाचं नाही, सलाईनचं. बरगडीच्या बाजूने आडवं भोक पाडा, थर्मल पेस्ट भरा, तोंड मेणाने बंद करा. अंतर डोळ्याने ठरवू नका, आरव्हीजी (दातांचा डिजिटल एक्स-रे) काढून मोजा. हाडातून उष्णता फार हळू सरकते, त्यामुळे थर्मोकपल जरा लांब गेलं तरी आकडा घसरतो.

प्रतिसाद २: स्टँडने एका दमात खाली दाबताय का? बाहेरचं सलाईन टोकापर्यंत पोचत नाही, भुसा खाचांत अडकतो. आपण रुग्णावर ड्रिल वर-खाली करतो तसं इथेही करा, नाहीतर परीक्षक हेच विचारतील.

धागाकर्ती: आडवं भोक, मेण, वर-खाली. आज चार भोकं: ४१, ४२, ४१, ४२. आधीची अठरा रद्द. उद्या पुन्हा खाटकाकडे.