दोन ओळींत ॲप तयार! ॲप जनरेटर वापरलेल्यांनी अनुभव लिहा

फॉक्सवाला
काल ऑफिसात नव्या प्लॅटफॉर्मचा डेमो झाला. 'गोदामाची आवक-जावक, बिल, थकबाकी' एवढंच मराठीत टाइप केलं आणि चार मिनिटांत टेबलं, स्क्रीन, रिपोर्ट सगळं हजर. पोरं टाळ्या वाजवत होती. मला आठवलं १९९४ चं मार्केट यार्ड.

गुलटेकडीला एका आडत्याकडे पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचं, काम घेतलं होतं, फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये. स्क्रीन बिल्डरमध्ये खोके मांडायचे, बटण दाबलं की जेनस्क्रीन हा प्रोग्राम त्या स्क्रीनचा कोड एसपीआर फाइलमध्ये लिहून द्यायचा. मीही असाच हरखलो होतो. आठवड्यात देतो म्हणून बसलो. स्क्रीन झाली दोन दिवसांत. मग शेठ म्हणाले, हमाली, तोलाई (माल तोलायचे पैसे) सगळ्यांची कापायची, पण एका शेतकऱ्याची तोलाई आपण भरतो. का? "त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय."

हे कुठल्या खोक्यात बसवणार? एसपीआर उघडली, हाताने चार ओळी घुसडल्या. महिन्याने एक रकाना वाढवायला परत जनरेट केलं, चारही ओळी साफ. पहाटे तो शेतकरी पट्टी हातात घेऊन गाळ्यावर उभा. शेठ मला काही बोलले नाहीत. पेनने आकडा खोडला, बाजूला सही केली, गल्ल्यातून फरक काढून दिला. मला अजून ती सही दिसते.

तुमचे अनुभव लिहा, जुने-नवे कसलेही. चांगलेही चालतील, एवढा खडूस नाही मी.

चहाबाज
जेनस्क्रीन!! काका, काळजाला हात घातलात. जनरेट झालेल्या फाइलला हात लावू नये हे मला तीनदा कळलंय.

इचलकरंजीकर
आमच्याकडे मागच्या महिन्यातच झालं. भाच्याने असल्याच एका प्लॅटफॉर्मवर कापडाच्या बिलांचं ॲप काढलं. दिसायला झकास, आमच्या जुन्या सॉफ्टवेअरपेक्षा देखणं. ५ टक्के जीएसटी, अडीच सीजीएसटी केंद्राचा, अडीच एसजीएसटी राज्याचा, सगळं बरोबर. फक्त निपाणीच्या पार्टीलाही तेच लावलं. अरे निपाणी कर्नाटकात, दुसऱ्या राज्यात माल गेला की आयजीएसटी! जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे बघितले तरी कळतं, आपले २७, त्यांचे २९. भाचा म्हणतो, तुम्ही सांगितलंच नाहीत. मी म्हटलं, बाबा, मुनीमजींना पण कधी सांगावं लागलं नव्हतं. सोळा बिलं रद्द करून परत काढली.

माई_०७
माझा अनुभव चांगला आहे हो. मी प्रोग्रामर नाही, सोसायटीची खजिनदार. टँकर किती आले, कोणी घेतले, पैसे दिले का, एवढंच ॲपशीटवर, म्हणजे कोड न लिहिता ॲप बनवायच्या साधनावर, बसवलं. दोन वर्षं बिनबोभाट चालू आहे. एकच भानगड, 'गोऱ्हे' शोधलं की कधी सापडतात, कधी गायब. पैसे भरलेले असून थकबाकीत नाव, किती बोलून घेतलं मी!

सेमीकोलन
माई, ते ऱ्ह चं दुखणं. एक कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाकतो, दुसरा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना सारखंच, मशीनला दोन वेगळी नावं. एकाच फोनवरून नोंदी करा किंवा फ्लॅट नंबरने शोधा.

माई_०७
अगंबाई! आणि मी वॉचमनला ओरडले. आता चहा पाजते त्याला.

रात्रपाळी
आमच्याकडे पगारपावत्यांचं ॲप असंच 'बनवून' घेतलं होतं. लॉगिन होतं, छान होतं. वेबपत्त्याच्या शेवटी तुमचा कर्मचारी क्रमांक. तो एकाने वाढवला की शेजारच्या टेबलाची पावती उघडायची. मॅनेजरचा पगार मला तेव्हा कळला. (नाही, सांगणार नाही.) लॉगिन केलेला माणूस कोण हे विचारत होतं, ही पावती त्याचीच का हे नाही. दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला कळलं होतं, आयटीला संध्याकाळी.

चहाबाज
सांगा की. निदान पाच आकडी की सहा?

न्यूजर्सीतला_नाना
प्रोग्रामर संपले ही बातमी फार जुनी आहे मंडळी. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये एक प्रोग्राम निघाला होता, नावच 'द लास्ट वन'. तो बेसिक भाषेत प्रोग्राम लिहून देणार, म्हणजे यानंतर कोणी प्रोग्राम लिहायला नकोच. मग मायक्रोसॉफ्टचं ॲप बनवायचं लाइटस्विच आलं २०११ ला, गेलं. गूगलचं ॲप मेकर जानेवारी २०२१ मध्ये बंद. मी नवं काही दिसलं की आधी 'डेटा बाहेर काढायचं बटण कुठंय' ते शोधतो. इथे बर्फ पडतोय, फावडं घेऊन जातो.

सेमीकोलन
नाना, हे नवे मात्र जुन्यांसारखे नाहीत हं. मी रोज वापरते. कंटाळवाणा भाग, तेच ते फॉर्म, खरंच वाचतो. पण त्याला 'तोलाई कापू नकोस' म्हटलं तर तो सगळ्यांचीच कापायची थांबवेल, आणि 'झालं' म्हणून सांगेल, हसत हसत. म्हणून कोड तपासणाऱ्या टेस्ट मीच लिहिते. त्याने लिहिलेल्या टेस्ट त्याच्या कोडला पासच करतात.

इचलकरंजीकर
फॉक्सवाला, २०१६ ला फळं-भाजीची आडत (आडत्याची दलाली) शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली तेव्हा तुमच्या पट्टीचं काय झालं?

फॉक्सवाला
चांगलं आठवलंत. तोवर सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रोत नेलं होतं. एक रकाना पट्टीतून उचलून बिलात टाकायचा, अर्ध्या दिवसाचं काम. पण आधी आठ दिवस शेठ, दिवाणजी आणि मी भांडत होतो, आधीच्या मालाचं काय करायचं यावर. त्याच वेळी शेठना सांगितलं, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच याचा सपोर्ट बंद केलाय, आता बदलू या. म्हणाले, "आपण त्यांना कधी फोन केला होता?"

चहाबाज
😂😂 शेठ!

माई_०७
आणि तो तोलाईवाला शेतकरी?

फॉक्सवाला
त्याच्या नावापुढे टेबलात एक रकाना आहे, 'शेठना विचारा'. परवा शेठच्या मुलाचा फोन आला, नव्या प्लॅटफॉर्मवर जायचंय म्हणून. शनिवारी गाळ्यावर बोलावलंय. जातोय, पण एकटा नाही, दिवाणजींनाही बसवा म्हटलं.

रात्रपाळी
सहा आकडी.