फोटो एडिटिंग कुठून शिकावं? तुमचे अनुभव लिहा

पार्कचौक
कपाट आवरताना गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) जुन्या फोटोंची सीडी सापडली आणि फोटोशॉप शिकायचे दिवस आठवले. तेव्हा शिकायला साधन मिळत नव्हतं. आता इतकी आहेत की नवख्याला कुठलं धरावं ते कळत नाही. म्हणून हा धागा. नुसतं नाव टाकू नका, त्यातून काय येतं आणि कुठं अडतं तेही लिहा.

सुरुवात मी करतो. चांगल्या धड्याची खूण एकच: सोबत सरावाची फाईल असते आणि आकडा का घेतला ते सांगितलेलं असतं. 'कर्व्ह इथं एवढा उचला' म्हणून पुढं जाणारा धडा त्या एका फोटोपुरताच. फोटो बदलला की शिकणारा अडला.

पहिला आठवडा सॉफ्टवेअर उघडूच नका. केंब्रिज इन कलर या साइटवर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख), शार्पनिंग, कलर मॅनेजमेंट यांचे लेख आहेत, ते वाचा. कुठल्याच सॉफ्टवेअरला बांधलेले नसल्यामुळे ते जुने होत नाहीत. मग लेव्हल्स, मग कर्व्ह (दोन्ही उजेड-अंधार जुळवायची साधनं), मग लेयर मास्क (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवणं). या क्रमात उडी मारली की पुढं सगळं पाठांतर होतं.

सरावाला नंदीध्वजाच्या मिरवणुकीचा फोटो घ्या. पांढरी बाराबंदी आणि जानेवारीचं ऊन, याहून अवघड पांढरा रंग नाही. लेव्हल्समध्ये ऑल्ट दाबून उजवा स्लायडर हळूहळू आत सरकवा. पडदा काळा होतो आणि जिथं तपशील जळायला लागतो तिथंच ठिपके उजळतात. स्लायडर हलवायच्या आधीच ठिपके दिसत असतील तर तेवढा भाग कॅमेऱ्यातच जळालाय. जेपेगमध्ये तो परत येत नाही, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलीत) थोडाफार येतो.

हातमाग
पार्कचौक, पांढऱ्याचं बरोबर. पण सोलापुरात खरी परीक्षा लाल चादरीची. ऑनलाइन विक्रीसाठी चादरीचे फोटो करणाऱ्यांनी हे बघाच. साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो, तरी फोटोत चादर लाल प्लास्टिकसारखी सपाट येते, वीण गायब. कारण फोटोच्या लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलांपैकी लाल एकटा २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन भिडलेला असतो. चॅनेल्स पॅनेलमध्ये फक्त लाल उघडा, सगळा पांढरा पट्टा दिसेल. आता हिरवा उघडा, सगळी वीण तिथं शाबूत असते.

उपाय: रॉमध्ये एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली, लालचं सॅच्युरेशन थोडं कमी. जेपेगच असेल तर हिरव्या चॅनेलची कॉपी वरच्या लेयरवर टाका, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी, ओपॅसिटी २० ते ३० टक्के. जास्त केली तर लाल काळपट होतो. आणि फोटो काढताना कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम लावा, तीन रंग वेगळे दाखवणारा.

टॉवेलच्या बारीक विणीवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा आल्या तर आधी १०० टक्के झूम करा. ३३ टक्क्यांवर कधी कधी त्या पडद्याच्या असतात, फोटोत नसतातच. १०० वरही दिसल्या तर फोटोशॉपमधल्या कॅमेरा रॉच्या ब्रशमध्ये मॉरे नावाचा स्लायडर आहे, तो तेवढ्याच भागावर फिरवा.

विडीघरकुल
हे सगळं इंग्रजीत आहे का? मराठीत काही असेल तर सांगा की. पोरीला शिकायचंय, बारावी झाली.

कडकभाकरी
@विडीघरकुल आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा, मोफत आहे. जिम्प या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरची मालिका आहे त्यात. भाषेच्या यादीत आधी मराठी निवडून बघायचं, ज्या धड्याला मराठी आवाज नसेल तो इंग्रजीत घ्यायचा. धडे छोटे असतात. पद्धतही त्यांनीच सांगितलीय: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, थांबवत थांबवत करायचं. नुसतं बघून हात बसत नाही.

अक्कलकोटरोड
आमच्याकडं तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे पण खूप. त्यांनाही सांगा, त्या प्रकल्पात तेलुगू-कन्नड धडे पण असतात. मराठी शाळेत शिकून घरी तेलुगू असणाऱ्या पोरांना फार सोपं जातं.

विडीघरकुल
धन्यवाद अण्णा. आज रात्रीच दाखवते तिला.

लष्करवाला
जुन्या व्हिडिओंपासून सावध. नवखे इथंच हात टेकतात आणि चूक आपलीच समजतात.

फोटोशॉप सीसी २०१९ पासून दोन गोष्टी उलट्या झाल्या. आधी फ्री ट्रान्सफॉर्म (लहान-मोठं) करताना प्रमाण राखायला शिफ्ट दाबायचे. आता न दाबताच प्रमाण राहतं, शिफ्ट दाबलं की चेहरा ताणला जातो. आणि कंट्रोल+झेड आधी एकच पाऊल मागं जायचं, आता मागं मागं जातच राहतं. जुना धडाच आवडत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली लेगसी फ्री ट्रान्सफॉर्मची खूण करता येते. 'रिफाइन एज' (निवडीची कड सुधारायचं साधन) शोधू नका, त्याच्या जागी सिलेक्ट अँड मास्क आहे.

जिम्पचंही तेच. २.८ पासून सेव्ह केलं की एक्ससीएफ (जिम्पची स्वतःची फाईल) च बनतं, जेपेग हवं तर एक्स्पोर्ट. ३.० हे २०२५ मध्ये आलं, त्यात फिल्टर लावून नंतर बदलता येतात. २.१० चे धडे हे सांगणारच नाहीत. म्हणून धडा सुरू करायच्या आधी तारीख आणि आवृत्ती बघा.

शेंगाचटणी
मोबाइलवाल्यांना काही आहे का हो? कॉम्प्युटर नाही.

कडकभाकरी
@शेंगाचटणी स्नॅपसीड. मोफत आहे. त्यातला एडिट स्टॅक आधी शिका. केलेला प्रत्येक बदल तिथं राहतो, परत उघडून कमी-जास्त करता येतो आणि ब्रशनं फक्त चेहऱ्यापुरता लावता येतो. लेयर मास्कची समज इथंच येते, पुढं कॉम्प्युटरवर गेलात की ओळखीचं वाटेल.

आणि सायबर कॅफेत बसलात तर फोटोपी. ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी (फोटोशॉपची फाईल) उघडतं, फाईल कुठं वर चढत नाही, त्याच कॉम्प्युटरवर राहते. मांडणी फोटोशॉपसारखी, त्यामुळं फोटोशॉपचे बरेचसे धडे तसेच चालतात. काम झालं की पीएसडी पेनड्राइव्हवर घ्यायला विसरू नका, टॅब बंद केला की गेलं.

होटगीरोड
फ्लेक्स आणि मराठी मजकुराचं कुणी लिहिलंच नाही. धड्यांतही नसतं, कारण शिकवणारे बहुतेक इंग्रजीतच टाइप करतात.

'सिद्धेश्वर' हा शब्द टाइप करून बघा. पहिली वेलांटी, द्ध, श्व, तिन्ही कसोट्या एकाच शब्दात. वेलांटी स च्या नंतर जाऊन बसली किंवा द चा पाय मोडलेला दिसला की समजायचं लेआउट चुकलाय. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जा, तिथं वर्ल्ड-रेडी लेआउट असेल तर निवडा, सॉफ्टवेअर बंद करून उघडा. आधी टाइप केलेला लेयर आपोआप सुधरत नाही, तो निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून तेच निवडावं लागतं. जुन्या आवृत्तीत हाच पर्याय मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन नावानं आहे. जिम्पमध्ये हा त्रास नाही.

फॉन्ट युनिकोडच घ्या: मुक्त (Mukta), बालू, तिरो देवनागरी मराठी, सगळे गुगल फॉन्ट्सवर मोफत. प्रेसमधल्या जुन्या फॉन्टमध्ये मोबाइलवरचा मजकूर चिकटवला तर कचरा दिसतो, कारण ते फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवतात. फाईल प्रेसला द्यायच्या आधी मूळ पीएसडी जपून ठेवा आणि कॉपीत मजकूर कन्व्हर्ट टू शेप करा.

फ्लेक्सला ३०० डीपीआय नको. १० बाय ८ फूट, ७२ डीपीआयला ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतात, लांबून बघायला भरपूर. ३०० ला तीच फाईल १७ पटींहून मोठी होते आणि मशीन गोठतं.

गड्डाप्रेमी
होटगीरोड, सिद्धेश्वर शब्दाची कसोटी एकदम पटली. बाकी यंदा शोभेच्या दारूकामाचे फोटो कोण काढणार? होम मैदानावर कुठं उभं राहावं सांगा, मागच्या बाजूला पिवळे लाइट फार येतात.

माळढोक
@गड्डाप्रेमी वाऱ्याची दिशा बघून उभं राहा, धूर अंगावर आला की सगळे फोटो धुरकट. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, शटर २ ते ४ सेकंद. एडिट करताना दोन-तीन फ्रेम लेयरवर ठेवून ब्लेंड मोड लायटन करा, आतषबाजी एकत्र येते, आकाश काळंच राहतं.

रॉ शिकायचं असेल तर डार्कटेबल मोफत आहे. स्वतःच्या रॉ फाईली नसतील तर पिक्सल्स डॉट यूएस (pixls.us) वर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या मिळतात. तिथं 'प्ले रॉ' म्हणून उपक्रम चालतो: एकजण रॉ फाईल देतो, बाकीचे आपापल्या पद्धतीनं ती करून पायऱ्यांची फाईलही जोडतात. ती फाईल आपल्या डार्कटेबलमध्ये उघडली की कुणी काय, कुठं, किती केलं सगळं दिसतं. व्हिडिओपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. नान्नज अभयारण्यात हरणांचे फोटो काढणाऱ्यांनी वाळलेल्या गवतावरचं हरिण असलेली फाईल शोधून करून बघावी, एकसारख्या पिवळ्या रंगातून प्राणी उठवणं त्यातून कळतं.

विडीघरकुल
पोरगीनं विचारलंय, आधी असं काय शिकू की लगेच उपयोगी पडेल?

लष्करवाला
@विडीघरकुल पासपोर्ट फोटो आणि अर्जाचे फोटो. घरोघरी लागतात. ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेल. ४ बाय ६ इंचाच्या कागदावर आडवे चार, असे दोन ओळींत आठ बसतात.

बँक भरतीच्या अर्जाला साधारण २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी फोटो आणि १० ते २० केबी सही मागतात. चूक इथं होते: मोबाइलचा मोठा फोटो तसाच ठेवून फक्त क्वालिटी पाडतात, मग चेहऱ्यावर चौकोन येतात. आधी पिक्सेल कमी करायचे, मग क्वालिटी. फाईल २० च्या खाली गेली तरी अर्ज घेत नाही, तेव्हा क्वालिटी वर न्यायची. क्रॉप, रिसाइझ, लेव्हल्स, एक्स्पोर्ट, चारही गोष्टी यात पक्क्या होतात.

पार्कचौक
छान सांगितलंत. इंग्रजी समजत असेल तर तिला पुढं पिक्सइम्परफेक्ट हे यूट्यूब चॅनेल दाखवा, उन्मेष दिंडा शिकवतात. स्लायडर नेमकं काय करतो ते आधी समजावतात.

जुनीपेठ
आजी-आजोबांच्या फोटोंचं कुणाला येतं का? जाळीदार कागदावरचे आहेत. स्कॅन केलं की सगळीकडं मधाच्या पोळ्यासारखं दिसतं.

हातमाग
@जुनीपेठ तो सिल्क कागद. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं पडतो, म्हणून प्रत्येक खळग्याची सावली उमटते. ६०० डीपीआयला टिफ स्कॅन करा, मग फोटो १८० अंशात फिरवून परत स्कॅन. दुसरा स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून पहिल्याच्या वर ठेवा, दोन्ही लेयर निवडून ऑटो अलाइन, वरच्याची ओपॅसिटी ५० टक्के. सावल्या एकमेकींना मारतात, जाळी बरीच जाते. ओरखडे नंतर, रिकाम्या नव्या लेयरवर हीलिंग ब्रश, सॅम्पल 'करंट अँड बिलो'. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही.

शेंगाचटणी
क्लास लावावा का? फी भरायला सांगतायत आजच.

होटगीरोड
आज भरू नका. आधी विचारा: एका मशीनवर एकच जण बसणार का, रॉ शिकवणार का, सराव आपल्या फोटोंवर की त्यांच्याच चार फाईलींवर. आणि लग्नाच्या अल्बमचं पान करून दाखवा म्हणा, १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे १०८०० बाय ३६०० पिक्सेल. मधल्या घडीवर नवरीचा चेहरा ठेवला तर तिथं शिकू नका.

जुनीपेठ
हातमाग, केलं. दुसरा स्कॅन ठेवल्यावर फोटोशॉप म्हणतंय स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या फाईलींची जागा) भरली, आता उघडतच नाही.

हातमाग
उघडताना कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही दाबून धरा, स्क्रॅच डिस्कची खिडकी येईल. सी ऐवजी डी निवडा. डी वर ४०-५० जीबी मोकळी ठेवा.

जुनीपेठ
उघडलं! जाळी गेली बरीच. आजीच्या नऊवारीचे काठ दिसायला लागले.