कॅमेऱ्यावरचा फ्लॅश खाली उतरवायचा आहे. सुरुवात कशी करावी?

गोदाकाठचा:

नमस्कार. मी नाशिकला राहतो आणि हौस म्हणून छायाचित्रे काढतो. माझ्याकडे कॅननचा ईओएस १५००डी, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि नंतर घेतलेली ५० मिमी एफ/१.८ एवढे साहित्य आहे. येत्या फेब्रुवारीत मावसबहिणीचा साखरपुडा पंचवटीतील एका जुन्या वाड्यात होणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी तिची व होणाऱ्या भावजींची काही छायाचित्रे गंगापूर धरणाच्या बाजूला ओळखीच्या द्राक्षबागेत सूर्यास्ताच्या सुमारास काढावीत, अशी घरच्यांची इच्छा आहे.

कॅमेऱ्यातला उघडणारा फ्लॅश वापरला की चेहरे सपाट दिसतात, कपाळ चकाकते आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडते. तो बंद ठेवला तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) इतका वाढवावा लागतो की चित्र रवाळ होते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, स्टँडवर ठेवून काम करणारे पाहिले आहेत, पण त्यातले मला काहीच माहीत नाही. साधारण १२ हजार रुपयांत काय घ्यावे, वाड्यात आणि बागेत कोणती सेटिंग ठेवावी, आणि काकांकडे रीळच्या काळातला एक फ्लॅश पडून आहे तो यासाठी उपयोगी पडेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

छायाप्रकाश:

आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, नीट पाहा. पूर्वापार प्रत्येक शूच्या मध्यभागी एक मोठा संपर्कबिंदू असे आणि फ्लॅश पेटवण्याचा संदेश त्यातूनच जाई. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांवर तो ठेवलेला नाही. त्यामुळे कोणत्याही कॅमेऱ्याला चालतो असे सांगून विकला जाणारा, एकच पिन असलेला स्वस्त ट्रिगर (दूरच्या फ्लॅशला पेटण्याचा संदेश देणारे उपकरण) तुमच्या कॅमेऱ्यावर काहीही करणार नाही. कॅननसाठी बनवलेला, उरलेल्या बिंदूंवरून संवाद साधणारा ट्रिगरच लागेल, उदाहरणार्थ गोडॉक्सचा एक्स२टी-सी, आणि त्याचे फर्मवेअरही (आतले सॉफ्टवेअर) नवे असले पाहिजे. दुकानात स्वतःचा कॅमेरा नेऊन, ट्रिगर चढवून, फ्लॅश प्रत्यक्ष पेटलेला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

फ्लॅश म्हणून त्याच कंपनीचा टीटी६०० पुरेसा आहे. रेडिओ रिसीव्हर त्याच्या आतच असल्याने वेगळा घ्यावा लागत नाही, आणि त्याची ताकद पूर्णपासून १/१२८ पर्यंत कमी करता येते. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः मोजून प्रकाश ठरवण्याची सोय, त्यात नाही. शिकणाऱ्याला तिची उणीव भासू नये असे माझे मत आहे. उरलेल्या पैशांत स्टँड, छत्री धरणारा ब्रॅकेट, पांढरी आरपार छत्री आणि रिचार्ज होणारे एए आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. साधे अल्कलाइन सेल थोड्याच वेळात मंदावतात आणि ऐन अंगठी घालतानाच फ्लॅश भरण्याची वाट पाहावी लागते. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायचा, प्रकाश मऊ करणारा कापडी डबा) आत्ताच नको. जोडायला वेळ घेतो आणि गर्दीत जागा अडवतो.

जुना रीळवाला:

काकांच्या फ्लॅशविषयी. तो तुमच्या कॅमेऱ्यावर पेटणार नाही याचे कारण वर आलेच आहे, पण दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यावर चढवून पाहण्याचा मोहही टाळावा. रीळच्या काळातील काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टपेक्षाही जास्त दाब असतो. यांत्रिक कॅमेऱ्यांना त्याने फरक पडत नसे, आजच्या कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक भाग मात्र जळू शकतात. वापरायचाच असेल तर दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून त्याला पेटवणारा छोटा ऑप्टिकल स्लेव्ह त्याला जोडावा, म्हणजे कॅमेऱ्याशी त्याचा विद्युतसंबंधच राहत नाही. साखरपुड्यात मात्र ही युक्ती नको. पाहुण्यांपैकी कोणीही आपला फ्लॅश मारला की तुमचाही पेटेल.

टीटीएलबद्दल मी छायाप्रकाश यांच्याशी पूर्ण सहमत नाही. माणसे एका जागी उभी असतील तेव्हा मॅन्युअल उत्तम. पण नवरी ओसरीतून चौकात आणि चौकातून माजघरात फिरत असताना दर वेळी अंतर बदलते, आणि तिथे टीटीएल हाताशी असणे ही चैन नव्हे. पुढेमागे दुसरा फ्लॅश घ्याल तो टीटीएलचा घ्यावा.

तांबट:

सेटिंगचे सांगतो. एकाच छायाचित्रात दोन प्रकाश असतात, एक जागेचा आणि एक तुमच्या फ्लॅशचा, आणि त्यांना वेगवेगळे हाताळता येते. फ्लॅशचा लखलखाट अत्यंत अल्पकाळ टिकतो, त्यामुळे शटर १/६० असो वा १/१६०, त्याचा चेहऱ्यावरचा उजेड तेवढाच राहतो. जागेचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडे तितका जमा होतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र, एफ/ पुढचा आकडा वाढला की ते लहान होते) आणि आयएसओ दोघांवरही परिणाम करतात. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून वाडा जितका अंधुक दिसावा असे वाटते तितका शटरने साधा, मग फ्लॅश सुरू करून चेहऱ्याचा उजेड त्याच्या ताकदीने जुळवा. वरची मर्यादा १/२०० सेकंदाची आहे, कारण त्यापलीकडे शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि चित्राच्या एका कडेला काळा पट्टा येतो. रेडिओ ट्रिगरसाठी १/१६० वर थांबलेले बरे.

वाड्यात छतावरून प्रकाश परतवण्याचा विचार सोडून द्या. पांढऱ्या छताच्या फ्लॅटमध्ये ती युक्ती छान चालते, पण सागवानी तुळया आणि काळवंडलेली तक्तपोशी बहुतेक प्रकाश गिळून टाकते आणि जो परत येतो तो तपकिरी होऊन येतो. त्यापेक्षा छत्री चेहऱ्याच्या बाजूला साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी वर ठेवा. एक-दोन माणसांसाठी ती दीड मीटरपर्यंत जवळ आणा. छत्री जवळ असेल तेवढी सावलीची कड मऊ होते. आयएसओ ८००, एफ/४, १/१२५ आणि फ्लॅश १/१६ येथून सुरुवात करून पुढचे पडद्यावर पाहून ठरवावे. समईच्या ज्योती आणि पिवळे दिवे चित्रात हवे असतील तर शटर १/३० पर्यंत खाली न्या आणि फ्लॅशवर सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक कागद) लावून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवण्याची सेटिंग, ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा. नाहीतर चेहरे पांढरे आणि मागचा वाडा गडद केशरी असे दोन वेगळे रंग दिसतील. ज्योत स्वतः मात्र तरीही पिवळीच राहील, आणि राहू द्यावी.

आणि चौकात दिवसाचा उजेड उतरत असेल तोवर तिथे फ्लॅश काढूच नका. चौकाच्या कडेला, ओसरीत उभ्या केलेल्या माणसावर जो प्रकाश पडतो, तसा एका छत्रीतून मिळत नाही.

गोदाकाठचा:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ट्रिगरची गोष्ट कळली नसती तर पैसे वाया गेले असते. दोन शंका उरल्या आहेत. पंधरा-वीस जणांचे एकत्र छायाचित्र घेताना छत्रीजवळचे लोक उजळ आणि पलीकडचे अंधारात, असे होणार नाही का? आणि बागेत सूर्य समोर असताना एवढासा फ्लॅश पुरेल का?

तांबट:

छत्री जवळ ठेवली तर नक्की तसे होईल. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, त्यामुळे एक जण १ मीटरवर आणि दुसरा २ मीटरवर असेल तर दोघांत चौपट फरक पडतो. तेच लोक ३ आणि ४ मीटरवर असतील तर फरक पावणेदोन पटींच्या आसपास येतो, जो डोळ्याला फारसा खुपत नाही. म्हणून मोठ्या गटासाठी स्टँड मागे घ्या, उंच करा, कॅमेऱ्याच्या जवळ आणा आणि फ्लॅशची ताकद वाढवा. सावल्या थोड्या कडक होतील, पण मागच्या रांगेतल्या आजी दिसतील.

बागेविषयी: खोक्यावर छापलेला गाईड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, अंतराने भागला की अ‍ॅपर्चर मिळते) ६० हा फ्लॅशच्या २०० मिमी झूम आणि आयएसओ १०० साठी असतो. त्याला ३ मीटरने भागल्यास एफ/२० मिळतो खरा, पण छत्रीसाठी फ्लॅशचा झोत रुंद करावा लागतो आणि कापडही प्रकाश खाते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा निम्म्याहून बराच खाली येतो. भर दुपारी तो पुरणार नाही. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. शेवटची वीस मिनिटे आणि त्यानंतरची तेवढीच ही तुमची वेळ समजा. दोघांची पाठ पश्चिमेकडे ठेवून, फ्लॅश बंद असताना आयएसओ १००, १/१६०, एफ/५.६ वर आकाश पाहा, हवे त्यापेक्षा उजळ वाटले तर एफ/८ करा, आणि मग छत्री दीड मीटरवर आणून १/४ ताकदीपासून चेहरे जुळवा. पुढे दर काही मिनिटांनी शटर हळूहळू खाली आणत जा, कारण आकाश मंदावते आणि फ्लॅश तेवढाच राहतो.

छायाप्रकाश:

त्यात एक भर. धरणाच्या बाजूला संध्याकाळी वारा सुटला की उघडी छत्री शिडासारखी फुगते आणि स्टँडसकट फ्लॅश आडवा होतो. वाळूची पिशवी पायाला बांधावी, आणि तरीही एका भावंडाला स्टँड धरायला उभे करावे. दोन ओळींच्या मध्ये, मांडवाखाली वारा कमी लागतो. मात्र तिथे आकाश झाकले जाते, म्हणून ओळीच्या टोकाशी जागा शोधावी. फवारणी नुकतीच झालेली नाही ना, हे बागाईतदाराला आदल्या दिवशी विचारून घ्या. पानांवरचे पांढरे डाग फ्लॅशमध्ये आणखी उठून दिसतात, आणि साखरपुड्याच्या साडीलाही ते लागतात.